कुंभारवाड्याची भेट : पूर्वतयारी व पाठ

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये इयत्ता ६ वी ते ८ वीच्या काळात १० दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत विद्यार्थ्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नव्हे. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणात हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम मानले होते.

तथापि शाळेने कुंभारवाड्याला दिलेली भेट पुष्कळदा सहलीच्याच वळणावर जाते. मुले रांगेने जातात, चाक फिरताना पाहून टाळ्या वाजवितात आणि परततात. कुंभाराचे मात्र सकाळचे काम बुडते. ज्याच्या दारी आपण जातो तो प्रेक्षणीय वस्तू नसून त्या दिवसापुरता आपल्या वर्गाचा शिक्षक आहे, ही दृष्टी ठेवली तरच भेट सार्थकी लागते.

पूर्वतयारी

भेटीपूर्वी आठ दिवस शिक्षकाने स्वतः कुंभाराच्या घरी जाऊन त्याच्या सोयीचा दिवस विचारावा. संक्रांतीपूर्वी सुगडी, नवरात्रापूर्वी घट, दिवाळीपूर्वी पणत्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठ, अशी त्याच्या कामाची घाई ठरलेली असते. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत, म्हणून काम मंदावते. घडणे, वाळणे व भाजणे एका दिवसात होत नसल्याने भेटी दोन ठेवाव्यात : एक चाकावरचे काम पाहण्यासाठी, दुसरी भट्टी उघडताना. एका वेळी १२ ते १५ पेक्षा अधिक मुले नेऊ नयेत.

कुंभाराचा वेळ हे त्याचे उत्पन्न आहे. शाळेला पाण्याचे माठ लागतातच. ते त्याच्याकडूनच, घासाघीस न करता घ्यावेत. मुलांनी हाताळलेल्या मातीचाही मोबदला द्यावा. मुलांनी त्याला एकेरी हाक न मारता ‘काका’ वा ‘आजोबा’ म्हणावे. माती मळणे, भांडी वाळविणे, गेरू देणे यांत घरातील स्त्रियांचा मोठा वाटा असतो. म्हणून प्रश्न त्यांनाही विचारावेत.

काय पाहावे

प्रथम माती पाहावी. तळ्याच्या वा नदीकाठच्या गाळाच्या मातीत कुंभार राख किंवा लीद मिसळतो. नुसती चिकण माती वाळताना फार आकसते व तडकते. मिश्रणाने तो दोष कमी होतो. माती चाळून खडे का काढतात, हेही विचारावे. चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे ओलावा शोषून तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो.

चाकावरून उतरलेल्या मडक्याचे तोंड तयार असते, परंतु अंग जाड असते. आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत कुंभार ते पातळ व मोठे करतो. टाळ्यांच्या गडबडीत हीच पायरी मुलांच्या नजरेतून सुटते. वास्तविक कारागिराचे कौशल्य येथे सर्वाधिक दिसते.

भट्टीच्या वेळी एक सोपा प्रयोग करावा. वाळलेल्या कच्च्या भांड्याचा तुकडा पाण्यात टाकल्यास त्याचा पुन्हा चिखल होतो; भाजलेल्या तुकड्याचा होत नाही. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत मातीच्या घटनेतच बांधलेले पाणी निघून जाते व तिचे रूप कायमचे पालटते. हवा खेळती राहिली तर मातीतील लोहामुळे भांडे तांबडे होते. धूर कोंडला तर काळे. भाजलेल्या अंगातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून त्याची वाफ होते, म्हणून माठातील पाणी गार राहते.

भांडे पक्के झाले की नाही, हे कुंभार टिचकी मारून ओळखतो. कच्चे बद्द वाजते, पक्के खणखणते. तेरच्या संत गोरोबांनी थापटण्याने संतांची पारख केली आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा मुलांना ठाऊक असते. तिच्या मुळाशी असलेली धंद्यातील परीक्षा येथे प्रत्यक्ष ऐकावयास मिळते.

वर्गात परतल्यावर

ओल्या भांड्याचा घेर दोऱ्याने मोजून ठेवावा आणि तेच भांडे भाजल्यावर पुन्हा मोजावा. आकसण्याचे शेकडा प्रमाण काढणे हा गणिताचा पाठ होईल. भट्टीत किती भांडी फुटली, इंधन किती लागले, हे विचारून नफा-तोट्याचे उदाहरण मुलांनीच रचावे. माठाची किंमत जास्त वाटणाऱ्या मुलाला त्यातून उत्तर मिळेल. इतिहासासाठी प्रवराकाठच्या जोर्वे या गावाचे उदाहरण घ्यावे. १९५०-५१ साली तेथे झालेल्या उत्खननात तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी मिळाली. त्या प्रकारच्या भांड्यांना आज जोर्वे हेच नाव आहे.

वर्गात कुंभाराचे मूल असेल तर विशेष काळजी घ्यावी. त्याला नमुना म्हणून उभे करू नये. त्याची इच्छा असेल तरच त्याने बोलावे. वडिलांचा धंदा सांगताना पुष्कळ मुले आज संकोचतात. जे पाठ्यपुस्तकात वाचले तेच आपल्या घरी आईवडिलांना हाताने येते, हे सोबत्यांसमोर सिद्ध झाले, तर तो संकोच ओसरू लागेल. शेवटी मुलांनी आपण काय शिकलो ते पत्रात लिहावे आणि कुंभाराच्या घरी जाऊन वाचून दाखवावे. पत्रात चुकीचे काही असेल तर तो दुरुस्त करील. ती दुरुस्तीही मुलांनी वहीत लिहून घ्यावी.