आपली गोष्ट आपणच सांगू या

"झाले गेले विसरा, आता कशाला उगाळायचे?" असे घरातील जुनी माणसे म्हणतात. पण दुःख दडवून माणसे जवळ येत नाहीत. ती मोकळेपणाने बोलली की जवळ येतात. आपले साहित्य याला साक्षी आहे.

पूज्य बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. याच शहरातून प्रा. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून 'अस्मितादर्श' चालवले. आपल्या लेखकांना हक्काचे पान मिळाले. पुढे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. १९७९ साली आपल्या शहरातील प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. १९८० साली कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. एकाने तोंड उघडले की दुसऱ्याला धीर येतो, तो असा!

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट तर आपल्या माताभगिनींनी जरूर ऐकावी. त्या छोटे दुकान चालवीत. दुकानात बसून त्या लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवीत. अशी कितीतरी वर्षे गेली. मूळच्या अमेरिकेतील मॅक्सीन बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या होत्या. त्यांनी हे लिखाण प्रसिद्ध करण्यास बेबीताईंना प्रोत्साहन दिले. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. २००८ साली माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि आपल्या आजीचे जिणे परदेशातील वाचकाच्या घरी पोचले. देश, भाषा, धर्म वेगळा. पण भूक आणि अपमान कुणालाही कळतो.

मराठवाड्यात १९७८ साली नामांतराच्या वेळी घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तो सोळा वर्षांचा लढा पाहिलेली पिढी आता थकली आहे. ती गेली की तिच्या आठवणीही जातील.

म्हणून वर्षावासात ग्रंथवाचनानंतर एक संध्याकाळ आजी-आजोबांसाठी ठेवावी. त्यांनी सांगावे, गावे. मुलांनी वहीत लिहावे, चित्रे काढावीत. शेजारच्या मुस्लिम, मातंग, मराठा कुटुंबांनाही बोलवावे. त्यांचीही गोष्ट ऐकावी. ऐकून घेणे हीसुद्धा मैत्रीच आहे, आणि तथागतांनी मैत्रीच शिकवली.

जयभीम!