प्रतिरक्षा-ग्राही जनुकांचे भाष्यांकन

प्रतिरक्षा-ग्राही जनुकांचे भाष्यांकन म्हणजे एखाद्या सजीवाच्या डीएनए क्रमात प्रतिपिंडे आणि टी-पेशींवरील ग्राही घडवणारे जनुकखंड कोठे आहेत, त्यांच्या सीमा कोणत्या आणि त्यांपैकी कोणते कार्यक्षम आहेत, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवण्याची प्रक्रिया होय. सर्वसाधारण जनुकशोधक आज्ञावल्या या कामी अपुऱ्या पडतात. म्हणून त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर विकसित करण्यात आले आहे. अशा सॉफ्टवेअरची अचूकता मुख्यतः ते ज्या ज्ञात जनुकांच्या संदर्भसंचाशी तुलना करते, त्या संचाच्या व्याप्तीवर अवलंबून असते.

जनुकखंडांची रचना

मानवी शरीर कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे तयार करू शकते, परंतु प्रत्येक प्रतिपिंडासाठी वेगळे जनुक साठवण्याइतकी जागा जनुकसंचात नाही. या कोड्याचा उलगडा करणारा प्रयोग सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. बी-पेशी परिपक्व होताना स्वतःचाच डीएनए कापते आणि व्ही, डी व जे या तीन प्रकारांच्या खंडांपैकी प्रत्येकी एक निवडून त्यांची जोडणी करते. तोनेगावा यांना या कार्यासाठी १९८७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवात प्रतिपिंडाच्या जड साखळीचे जनुकस्थान १४ व्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असून हलक्या साखळ्यांची जनुकस्थाने २ ऱ्या आणि २२ व्या गुणसूत्रांवर आहेत. जड साखळीच्या स्थानी व्ही प्रकारचे सुमारे १२५ खंड असले, तरी त्यांतील कार्यक्षम खंड ४० च्या आसपासच भरतात. उरलेल्यांपैकी बहुतेक छद्मजनुके, म्हणजे उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालेल्या प्रती होत. डी प्रकारचे २३ आणि जे प्रकारचे ६ खंड कार्यक्षम आहेत.

प्रत्येक खंडाच्या कडेला पुनर्संयोजन-संकेत असतो. त्यात सात अक्षरांचा एक आणि नऊ अक्षरांचा दुसरा असे दोन ठरावीक शब्द असून त्यांच्यामध्ये १२ किंवा २३ अक्षरांचे अंतर असते. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने हा संकेत ओळखून तेथे डीएनए कापतात. १२ च्या अंतराचा संकेत २३ च्या अंतराच्या संकेताशीच जुळतो. जड साखळीत व्ही आणि जे या दोन्ही खंडांजवळ २३ चे, तर डी खंडाच्या दोन्ही बाजूंना १२ चे अंतर असते. त्यामुळे डी वगळून व्ही थेट जे ला जोडला जात नाही. वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावर रोवलेला दगड जशी हद्द सांगतो, तसेच हे संकेत भाष्यांकन करणाऱ्या आज्ञावलीला खंडाची सीमा दाखवतात. मात्र हे शब्द सर्वत्र तंतोतंत सारखे नसतात. सात अक्षरांच्या शब्दातील पहिली तीन अक्षरे (सी, ए, सी) बहुधा कायम राहतात. पुढील अक्षरे आणि नऊ अक्षरांचा शब्द यांत बराच फरक पडतो.

भाष्यांकनातील अडचणी

सामान्य जनुक शोधताना आज्ञावली आरंभ-संकेत, अंत-संकेत आणि त्या जनुकापासून तयार झालेला आरएनए यांचा आधार घेते. डी खंडाला आरंभ-संकेतही नसतो आणि अंत-संकेतही नसतो. मानवातील सर्वांत लहान डी खंड केवळ ११ अक्षरांचा आहे. एवढा लहान क्रम तीन अब्ज अक्षरांच्या जनुकसंचात निव्वळ योगायोगाने शेकडो ठिकाणी सापडतो. आरएनएचाही फारसा उपयोग होत नाही, कारण बी-पेशीतील आरएनए आधीच कापून जोडलेल्या आणि पुढे उत्परिवर्तित झालेल्या जनुकाचा असतो.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची आहे. ही जनुकस्थाने वारंवार द्विगुणित होत गेल्याने शेजारचे खंड एकमेकांशी अत्यंत मिळतेजुळते असतात, आणि एका व्यक्तीत असलेला खंड दुसऱ्या व्यक्तीत मुळातच नसतो असेही घडते. सुमारे १५० अक्षरांच्या छोट्या तुकड्यांत डीएनए वाचणाऱ्या पद्धतीने जोडलेल्या क्रमात असे दोन खंड एकच समजले जाऊ शकतात. मूळ क्रमच असा चुकीचा जोडला गेला, तर भाष्यांकनाचे सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ती चूक दुरुस्त होत नाही.

नमुना कोणत्या पेशींचा आहे, यालाही महत्त्व आहे. '१००० जीनोम' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील डीएनए मोठ्या प्रमाणावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशींपासून घेतलेला आहे. या पेशींनी आपले प्रतिपिंड-जनुक आधीच कापलेले असल्याने त्यांच्यात दिसणारा अभाव जन्मजात आहे की त्या कापणीचा परिणाम आहे, हे सांगणे कठीण जाते. केवळ या माहितीच्या आधारे नवी जनुकरूपे जाहीर करण्याला तज्ज्ञांनी २०१७ मध्ये आक्षेप घेतला होता.

प्रमुख सॉफ्टवेअर

या क्षेत्रातील नामकरण आणि वर्गीकरण आयएमजीटी या संस्थेने रूढ केले. मारी-पॉल लेफ्राँ यांनी १९८९ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे तिची स्थापना केली. आयएमजीटीच्या क्रमांकनानुसार व्ही क्षेत्रात २३ व्या आणि १०४ व्या स्थानी सिस्टीन, तर ४१ व्या स्थानी ट्रिप्टोफॅन असते. खंड कार्यक्षम आहे की नाही, हे ठरवताना ही अमिनो आम्ले जागेवर आहेत का, वाचनचौकट अखंड आहे का आणि कडेचा संकेत शाबूत आहे का, हे तपासले जाते. याच संस्थेचे लिगमोटिफ हे सॉफ्टवेअर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लांब जनुकीय क्रमांत खंडांचे घटक ओळखून त्यांची योग्य क्रमाने मांडणी करणे हे त्याचे कार्य होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांशी संबंधित आयजीडिटेक्टिव्ह (२०२२) आधी पुनर्संयोजन-संकेत शोधते आणि मग त्यांच्या शेजारचा क्रम जनुकखंडासारखा आहे का ते पाहते. ज्या प्राण्यांचा संदर्भसंच उपलब्धच नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग उपयुक्त ठरतो. डिगर (२०२४) याच्या उलट, ज्ञात जनुकांशी साम्य शोधण्यापासून सुरुवात करते आणि नंतर संकेत व अन्य घटक पडताळते. जवळच्या प्रजातीचा चांगला संदर्भसंच हाताशी असल्यास त्याचा अधिक उपयोग होतो. आयजीब्लास्ट आणि व्ही-क्वेस्ट यांचाही उल्लेख अनेकदा याच यादीत केला जातो, परंतु त्यांचे मुख्य काम वेगळे आहे. बी-पेशीतील जोडलेला क्रम मूळच्या कोणत्या खंडांपासून झाला, हे ती सांगतात.

प्रतिजनाच्या बाजूने याच्याशी निगडित काम महाराष्ट्रात फार पूर्वी झाले आहे. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडाला ओळखता येईल, याचा अंदाज बांधणारी कोळसकर-टोणगावकर पद्धत पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरात आहे.

गोवंशातील विशेष रचना

मानवी जनुकांवर बेतलेले निकष अन्य प्राण्यांना लावल्यास काय निसटू शकते, याचे उत्तम उदाहरण गाय आहे. मानवातील सर्वांत लांब डी खंड ३७ अक्षरांचा आहे. गाईतील एक डी खंड सुमारे १५० अक्षरांचा असतो. त्यापासून बनणाऱ्या प्रतिपिंडांवर देठासारखा लांब भाग आणि त्याच्या टोकाला गाठ अशी रचना तयार होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाईंना एचआयव्हीच्या बाह्य प्रथिनाची लस दिली असता, या विषाणूच्या अनेक प्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे त्यांच्यात अल्पावधीत तयार झाली. डी खंड लहानच असणार असे गृहीत धरणारी आज्ञावली हे जनुक गाळून टाकील. गाईचा प्रमाण जनुकसंच अमेरिकेतील हेरफोर्ड जातीच्या एका गाईचा आहे. वऱ्हाड-विदर्भातील गवळाऊ गाय वशिंडाच्या वंशातली असल्याने त्या संचावरून तिचे सर्व खंड ओळखता येतील असे मानता येत नाही.

संदर्भसंचातील उणिवा

संदर्भसंचात नसलेले जनुकरूप (अ‍ॅलील) एखाद्या नमुन्यात आढळल्यास, जोडलेले क्रम तपासणारी आज्ञावली त्याला सर्वांत जवळच्या ज्ञात अ‍ॅलीलचे नाव देते आणि उरलेला फरक बी-पेशीत नंतर झालेले उत्परिवर्तन समजते. परिणामी व्यक्तीचा जन्मजात वारसा संसर्गाला दिलेला प्रतिसाद म्हणून नोंदला जातो. आज्ञावली अशा वेळी कोणतीही त्रुटी दर्शवत नाही, हा यातील सर्वांत मोठा धोका आहे.

अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका मेळघाटात, तापीच्या खोऱ्यात वसला असून तेथे कोरकू आदिवासींची वस्ती मोठी आहे. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. मुंडाभाषक समूहांच्या पितृवंशात आग्नेय आशियाशी नाते सांगणारा मोठा अंश आढळतो. '१००० जीनोम' प्रकल्पाच्या २६ लोकसमूहांत दक्षिण आशियाचे पाच समूह आहेत: ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकी तमिळ. त्यांत मुंडाभाषक समूह एकही नाही. मराठी भाषकांचाही स्वतंत्र समूह नाही.

या उणिवेचे वैद्यकीय परिणाम दिसून आले आहेत. एचआयव्हीवरील एका प्रायोगिक लसीच्या चाचणीत (२०२२) लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित बी-पेशी निर्माण झाल्या. उरलेल्या एका व्यक्तीकडे त्या लसीला आवश्यक असलेले व्ही १-२ या खंडाचे अ‍ॅलीलच नव्हते. ओशिआनियातील लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात व्ही ४-६१ या खंडाच्या एका अ‍ॅलीलमुळे संधिवातजन्य हृदयरोगाचा धोका प्रत्येक प्रतीमागे सुमारे १.४ पट होत असल्याचे आढळले. हा रोग भारतातील गरीब वस्त्यांतही आढळतो. अशी अ‍ॅलील धारणीत किती जणांकडे आहेत, हे ह्यूस्टन किंवा लाहोरच्या नमुन्यांवरून ठरवता येणार नाही.

भारत सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचण्यात आले. पुण्याची आयसर ही त्यातील सहभागी संस्थांपैकी एक आहे. हे नमुने थेट रक्ताचे असल्याने वाढवलेल्या पेशींचा दोष त्यांत नाही. मात्र वाचन छोट्या तुकड्यांचे असल्याने प्रतिपिंड-जनुकस्थानांपुरती वर सांगितलेली अडचण कायम राहते. त्यासाठी हजारो अक्षरे सलग वाचणारी पद्धत वापरावी लागते. नवे अ‍ॅलील आढळल्यास त्याचा पुरावा ओजीआरडीबी या खुल्या संग्रहाकडे सादर करता येतो. तज्ज्ञ समितीने तो मान्य केल्यानंतर ते अ‍ॅलील संदर्भसंचात समाविष्ट होते आणि भाष्यांकनाच्या आज्ञावल्या त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखू शकतात.