उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेतील मुलांचे मराठी लेखन : चुकांचे स्वरूप व उपाय

प्रास्ताविक

भाषेच्या श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार कौशल्यांपैकी लेखन हे सर्वांत उशिरा येणारे व सर्वाधिक श्रमाचे कौशल्य आहे. मातृभाषेतही ते सहज येत नाही. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलाला तर प्राथमिक शाळेतच दोन भिन्न लिपी आत्मसात कराव्या लागतात. महाराष्ट्रातील उर्दू शाळांत मराठी पूर्वीपासून शिकवली जात होतीच; २०२० च्या कायद्याने ती सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड व तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू यांना असेच स्थान मिळाले. त्यामुळे बेळगाव किंवा हैदराबाद येथील उर्दू शाळेतही मूळ प्रश्न तोच आहे.

अशा मुलाची मराठीची वही लाल शाईने भरलेली असते आणि "मुलगा भाषेत कच्चा आहे" असा शेरा त्याच्या नावापुढे बसतो. हा शेरा बहुधा अन्यायाचा असतो. यातील बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसून पहिल्या लिपीचे व भाषेचे नियम दुसरीला लावल्यामुळे झालेल्या असतात. चुकीचे कारण ओळखले तरच उपाय सापडतो.

दोन लिपींतील भेद

१) दिशा : उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, देवनागरी डावीकडून उजवीकडे. हा भेद डोळ्यांना मोठा दिसतो, पण त्याची अडचण लवकर संपते. उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, म्हणून हाताला दोन्ही दिशांची सवय असतेच.

२) स्वरचिन्हे : खरी अडचण येथे आहे. उर्दू लेखनात जेर, जबर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे सहसा गाळली जातात. 'इस' आणि 'उस' हे दोन शब्द एकसारखेच लिहिले जातात. वाचणारा संदर्भाने ओळखतो. 'वाव' हे एकच अक्षर व, ऊ, ओ, औ यांचे काम करते, म्हणून 'दूर' आणि 'दौर' यांचे लेखन सारखे दिसते. देवनागरीत मात्र 'अ'खेरीज कोणताही स्वर गाळता येत नाही. उर्दूची सवय असलेले मूल 'दिवस' ऐवजी 'दवस' व 'मुलगा' ऐवजी 'मलगा' लिहिते, तेव्हा ते आपल्या पहिल्या लिपीचा नियमच पाळत असते.

३) जोडाक्षरे : उर्दूत दोन व्यंजने एकत्र आली तरी देवनागरीसारखे जोडाक्षर तयार होत नाही. म्हणून 'पुस्तक' चे 'पुसतक' होते. क्रम, कर्म, ट्रक, तऱ्हा या शब्दांतील 'र'ची चार रूपे तर स्वतंत्रपणेच शिकवावी लागतात.

४) शब्दांतील अंतर : अलिफ, दाल, रे, जे, वाव इत्यादी अक्षरे पुढील अक्षराला जोडली जात नाहीत. 'दरवाजा' हा उर्दू शब्द सहा सुट्या अक्षरांत लिहिला जातो. साहजिकच मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट, ही जाणीव मुलात पक्की नसते.

भाषेतील भेद

समजा, चौथीच्या मुलाने लिहिले, "माझा घर मधे चार मानस आहे." या एका वाक्यात पाच चुका आहेत आणि प्रत्येकीला कारण आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही व 'घर' पुल्लिंगी आहे, म्हणून 'माझा'. उर्दूत 'घर में' असे शब्द सुटे राहतात, म्हणून 'घरामध्ये' असे सामान्यरूप होऊन शब्द जोडला गेला नाही. उर्दूत 'ण' नाही, म्हणून 'न'. 'एक मकान, चार मकान' यात रूप बदलत नाही, म्हणून अनेकवचन राहिले. दखनी बोलीत 'है' आणि 'हैं' यांतील फरक फारसा ऐकू येत नाही, म्हणून 'आहे'. पाच गुण कापणारा शिक्षक व ही पाच कारणे ओळखणारा शिक्षक यांच्या हाताखाली मुलाची प्रगती सारखी होणार नाही.

उपाययोजना

पहिल्या लिपीला अडथळा न मानता तिचाच पूल करावा. मकतबमध्ये कुरआन वाचणाऱ्या मुलांना जेर-जबर-पेश यांसह असलेला मजकूर परिचित असतो. त्याचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

अ) ओळखीच्या उर्दू शब्दावर मुलांकडून एराब लावून घ्यावेत व मग तोच शब्द देवनागरीत लिहून घ्यावा. जेरला ऱ्हस्व इकार, पेशला ऱ्हस्व उकार, जज्मला पाय मोडलेले अक्षर, तश्दीदला द्वित्त (अब्बा, कच्चा, पक्का) अशी जोडी लावून द्यावी.

आ) ऱ्हस्व-दीर्घाचे एक सूत्र फार उपयोगी पडते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतो. उर्दूतही शेवटची 'ई' 'ये' या अक्षराने, म्हणजे दीर्घच, लिहितात. 'पानी' व 'पाणी' शेजारी लिहून हे दाखवावे. 'आणि' हा अपवाद वेगळा सांगावा.

इ) काल-काळ, वेल-वेळ, मन-मण अशा जोड्या आधी ऐकवाव्यात, मग म्हणवून घ्याव्यात, शेवटी इम्ला (श्रुतलेखन) घ्यावा. ज्या मुलाने 'साबुन' स्वादने व 'सवाब' सेने लिहायचा हे लक्षात ठेवले, त्याला 'ळ' व 'ण' लक्षात ठेवणे जड जाणार नाही.

ई) शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकसंध ओढण्यास सांगावे. एक रेषा म्हणजे एक शब्द. 'झाडावर' एका रेषेखाली येतो हे डोळ्यांना दिसते.

उ) कागद, कलम, हिशेब, तारीख, अर्ज, मैदान, दुकान हे मराठीत रुळलेले शब्द मुलाच्या घरचेच आहेत. दखनीतील 'नक्को' आणि जोर देणारा 'च' तर मराठीतून आलेले. लेखनाचा आरंभ अशा शब्दांनी केल्यास मराठी परकी वाटत नाही.

मश्क आणि स्वतंत्र लेखन

तख्तीवरील मश्क काय, पाटीवरचे गिरवणे काय, दोन्ही परंपरांनी वळणदार अक्षराला महत्त्व दिले. ते योग्यच आहे. परंतु केवळ नक्कल करणे म्हणजे लेखन नव्हे. मुलाला सांगण्यासारखे काही असले पाहिजे. चित्राखाली एक वाक्य, बाजारातून आणायच्या जिनसांची यादी, ईदनिमित्त नानीला पत्र, शीरखुर्मा कसा करतात याची पाच वाक्ये, अशी कामे द्यावीत. आरंभी घरचा शब्द आला तरी खोडू नये. शेजारी मराठी शब्द लिहून द्यावा. एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावी. एका आठवड्यात फक्त मात्रा तपासाव्यात, पुढील आठवड्यात फक्त शब्दयोगी अव्यये. सर्व चुका एकदम दाखवल्या तर मूल लिहिणेच टाळते.

महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला साधा अर्ज मराठीत लिहिता येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे मूळ तिसरी-चौथीच्या वहीत असते. उर्दू व मराठी विभागांनी एकत्र येऊन परिसरातील एखाद्या शाळेतील वह्या पाहाव्यात, चुकांचे वरीलप्रमाणे वर्गीकरण पदवीच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घ्यावे व त्याचे निष्कर्ष शाळेच्या शिक्षकांना द्यावेत. दोन्ही लिपी जाणणारे अध्यापक व विद्यार्थी संस्थेतच उपलब्ध असल्याने यास वेगळ्या निधीची गरज नाही.

समारोप

२०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावे असे उद्दिष्ट ठेवले. उर्दू शाळेतील मूल तेथपर्यंत दोन लिपींचा भार घेऊन चालत असते. त्याच्या वहीतील चूक ही त्याने आधी काय शिकले याची नोंद आहे. ती वाचता येणारा शिक्षक त्याला मिळाला, तर दोन लिपी हे त्याचे ओझे न राहता त्याची शिदोरी ठरेल.