घास नको असेल तेव्हा

‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे आपल्या घरांत सहसा कोणी म्हणत नाही. आपण ‘जेवलास का?’ असे विचारतो; त्यातच सगळे आले. पण घरातले माणूस गंभीर आजारी पडले की नेमकी हीच भाषा अपुरी पडते.

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी मी हे नेहमी पाहतो. रुग्ण मान फिरवतो आणि मुलगी चमचा पुढे करते, ‘‘बाबा, एवढा एकच घास, माझ्यासाठी!’’ हेतू मायेचाच असतो. परंतु आजाराच्या शेवटच्या टप्प्यात भूक आपोआप मंदावते आणि गिळण्याची शक्ती कमी होते. बळेबळे भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तोंड येणे, मळमळ, बद्धकोष्ठता यांमुळे भूक गेली असेल तर उपचार करता येतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. तसे काही नसेल, तर मागेल तेवढेच द्यावे.

मग माया दाखवायची कशी? ओल्या कापसाने ओठ ओले करावेत. पायांना हलक्या हाताने तेल लावावे. सूज असेल तर चोळू नये. आणि मुख्य म्हणजे बोलावे. अमेरिकेतील डॉ. आयरा बायॉक यांनी २००४ साली एक पुस्तक लिहून अशा वेळी बोलायच्या चार गोष्टी सांगितल्या: मला क्षमा कर, मी तुला क्षमा केली, तुझे उपकार आहेत, माझे तुझ्यावर प्रेम आहे. त्या आपल्या भाषेत सांगाव्यात. ‘‘बाबा, तुम्ही पोटाला चिमटा काढून आम्हाला शिकवलेत’’ एवढे म्हटले तरी पुरते. रुग्णालाही काही सांगायचे असते. ‘‘तसले अभद्र बोलू नका’’ म्हणून त्याला गप्प करू नये.

रुग्ण बेशुद्ध झाला तरी बोलणे थांबवू नये. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात, मृत्यूच्या काही तास आधी निपचित पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूने आवाजाची दखल घेतल्याचे आलेखात दिसले. बोलण्याचा अर्थ त्यांना कळत होता की नाही, हे त्यावरून ठरत नाही. तरीही औषधांची बिले आणि जमिनीची वाटणी यांची चर्चा खाटेपाशी नको.

परगावच्या मुलांना मात्र रुग्ण शुद्धीवर असतानाच बोलावून घ्यावे. शब्द सुचले नाहीत, तर त्यांनी हात हातात घेऊन नुसते बसावे.