शंभर मीटरच्या पलीकडे

अंबरनाथ एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात आज गेटवरचं हजेरीयंत्र, वजनकाट्याचा संगणक, कंपाउंडवरचे कॅमेरे आणि प्लांटमधली यंत्रं चालवणारा पीएलसी एकाच नेटवर्कवर आलेले दिसतात. मशीन घेताना मालक तीन-तीन कोटेशनं मागवतो. या सगळ्यांना जोडणाऱ्या केबलचा विषय मात्र ‘चांगली टाका’ एवढ्यावर संपतो. संगणक पाच-सात वर्षांत बदलला जातो, केबल मात्र दीड-दोन दशकं भिंतीत राहते. म्हणून तिची निवड आधी आणि नीट व्हायला हवी.

लॅन केबल सोलली की आठ तारा दिसतात: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी जोडीदार. या जोड्यांचा पीळ हाच केबलचा प्राण आहे. पिळलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं 1881 साली टेलिफोनसाठी घेतलं. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, तो त्यांच्यातले सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. जॅक बसवताना 13 मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उलगडायचा नाही, हा नियम जाणता वायरमन काटेकोर पाळतो. घाईत क्रिंपिंग करणारा दोन-दोन इंच उलगडतो आणि महागड्या केबलचा गुण तिथेच घालवतो.

ऑफिसपुरतं उत्तर सोपं आहे. कॅट फाइव्ह-ई दर्जाची केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, कॅमेऱ्याला आणि हजेरीयंत्राला ती पुरून उरते. कॅट सिक्सवर दहा गिगाबिट साधारण 55 मीटरपर्यंत मिळतात, कॅट सिक्स-ए तेच पूर्ण शंभर मीटरपर्यंत पोहोचवते. आज नवी ऑफिसं बांधणाऱ्यानं कॅट सिक्स घ्यावी, हे माझं मत. शंभर मीटरमध्ये दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही धरायच्या, म्हणजे भिंतीतली केबल नव्वद मीटरच्या आत हवी.

खरी परीक्षा शॉप फ्लोअरवर आहे. मोटारींचा वेग सांभाळणारे व्हीएफडी ड्राइव्ह प्रचंड विद्युत गोंगाट करतात. त्यांच्या पॉवर केबलच्या ट्रेमध्येच लॅन केबल टाकली की नेटवर्क मधूनमधून तुटतं आणि दोष बिचाऱ्या नेटवर्क स्विचवर येतो. ट्रे वेगळा ठेवावा. पॉवर केबल ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. ड्राइव्हजवळ शिल्ड असलेली केबल घ्यावी, आणि तिचं शिल्ड नीट अर्थ करावं. अर्थ न केलेल्या शिल्डवरचे पैसे फुकट जातात. रासायनिक कारखान्यात आम्लाच्या वाफा तांब्याची टोकं आणि जॅकच्या पिना खातात, म्हणून तिथे जोड बंद पेटीत हवेत. साधी पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. कंट्रोल रूममध्ये कमी धुराचं, हॅलोजनविरहित आवरणच हवं. तिथे माणसं बसतात.

बाहेर पाऊस आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्या काय करू शकतात हे 26 जुलै 2005च्या पुरात या पट्ट्यानं पाहिलं. घरातली करडी केबल बाहेरून ओढली की उन्हानं तिचं आवरण तडकतं आणि पाणी आत शिरतं. बाहेर काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, जमिनीखालून न्यायची तर जेल भरलेली केबल लागते.

आणि दोन इमारतींच्या मध्ये? तिथे तांबं नको, फायबरच हवा. गेटपासून प्लांट शंभर मीटरच्या पलीकडे असला तर प्रश्नच उरत नाही, पण अंतर कमी असलं तरी माझं उत्तर हेच राहील. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, जवळपास वीज पडली की तो क्षणात वाढतो आणि तांब्यावरून दोन्हीकडचे स्विच जाळतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो, पण दहा गिगाबिट तो दहा किलोमीटर सहज नेतो. हा धागा परदेशातूनच यावा लागतो असंही नाही. छत्रपती संभाजीनगरात स्टरलाइट टेक्नॉलॉजीज तो बनवते. उंदरांची भीती असेल तर पोलादी कवचाचा फायबर घ्यावा.

सगळ्यात मोठी फसवणूक स्वस्त खोक्यात असते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली सीसीए केबल बाहेरून हुबेहूब तांब्याची वाटते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के. अशा केबलवरून कॅमेऱ्याला वीजही पाठवली की ती जास्त तापते, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नाही, आणि वाकवताना तार मोडते. केबलिंगची मानकं ती स्वीकारतच नाहीत. तेव्हा खोकं उचलून बघा, सीसीएचं खोकं हलकं लागतं. एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर माल परत पाठवा. काम संपल्यावर प्रत्येक लाइनचा टेस्ट रिपोर्ट मागा, आणि तो हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.