ब्रोमिनचं पाणी

बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावात उतरताना तो ओळखीचा उग्र वास आला नाही, की पुष्कळांचा समज होतो: आज पाण्यात औषध टाकलेलंच नाही. खरं तर तिथे बहुधा क्लोरिनऐवजी ब्रोमिन असतं. क्लोरिनचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो बराचसा क्लोरामिनचा, म्हणजे घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरिनचा संयोग झाल्यावर तयार होणाऱ्या संयुगांचा असतो. हीच संयुगं डोळे चुरचुरवतात. ब्रोमिनचीही अशी संयुगं होतात, पण ती फारशी वास मारत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्या अवस्थेतही जंतू मारण्याचं काम बऱ्यापैकी करत राहतात. ब्रोमिनची ही मोठी जमेची बाजू आहे आणि धोकाही तिच्यातच आहे. पाणी तक्रार करत नाही, म्हणून माणूस तपासणीचा कंटाळा करतो.

ब्रोमिन सापडलं 1826 साली. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या आंत्वान बालार या तरुण रसायनशास्त्रज्ञाला ते मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या पाण्यात मिळालं. अधातूंमध्ये साध्या तापमानाला द्रव असणारं हे एकमेव मूलद्रव्य. लालसर तपकिरी, जड आणि जवळ नाक नेऊ नये इतकं जहाल. साध्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात ब्रोमाइड असतं जेमतेम 65 मिलिग्रॅम. मृत समुद्राच्या पाण्यात ते पाच ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणून इस्रायल आणि जॉर्डन हे दोन देश या धंद्यात पुढे आहेत. आपल्याकडे कच्छच्या खाऱ्या पाण्यातून ब्रोमिन काढतात.

तलावात मात्र तो लाल द्रव कोणी ओतत नाही. तिथे येतात पांढऱ्या गोळ्या. त्यातल्या रसायनाचं नाव ब्रोमोक्लोरोडायमिथाइलहायडँटोइन. एवढं लांब नाव कोणी उच्चारत नाही, सगळे बीसीडीएमएच म्हणतात. गोळी हळूहळू विरघळते आणि त्यातून हायपोब्रोमस आम्ल सुटतं. तेच खरं जंतुनाशक. काम करून ते ब्रोमाइड होऊन पडतं, पण वाया जात नाही. गोळीतलाच क्लोरिनचा अंश त्या ब्रोमाइडला पुन्हा हायपोब्रोमस आम्ल बनवतो. दुसरी पद्धत अशी, की आधी पाण्यात सोडियम ब्रोमाइडचा साठा करून ठेवायचा आणि वरून ऑक्सिडायझर टाकून लागेल तेवढं ब्रोमिन जागं करायचं. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी: पाण्यात एकदा ब्रोमाइडचा साठा झाला, की तो तलाव ब्रोमिनचाच. वरून कितीही क्लोरिन टाकलं तरी त्याचं ब्रोमिनच होणार. परत क्लोरिनवर यायचं तर पाणी उपसून टाकण्याला पर्याय नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर पीएचमध्ये, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या मापात आहे. पीएच 8 झाला की क्लोरिनचा जेमतेम पाव भाग कामाच्या रूपात उरतो, ब्रोमिनचा ऐंशी टक्क्यांहून अधिक. हवा खेळवलेल्या गरम पाण्यात पीएच वर चढायला वेळ लागत नाही, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. जकूझी, उपचारासाठीचे गरम तलाव, थंड देशांतले घरामागचे टब ही ब्रोमिनची खरी जागा.

आणि गरम पाण्याला लागणारी काळजी साध्या तलावाहून किती वेगळी असते, याचा हिशेब करून पाहावा. दीड हजार लिटरच्या टबमध्ये चार माणसं बसली, तर त्याच प्रमाणात चार लाख लिटरच्या तलावात हजाराहून अधिक माणसं एकाच वेळी उतरायला हवीत. शिवाय टबचं पाणी 38 ते 40 अंशांवर. लिजिओनेला या जिवाणूला असंच कोमट पाणी मानवतं, आणि बुडबुड्यांनी उडणाऱ्या तुषारांतून तो थेट फुप्फुसात जातो. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे नुसता दाखवण्यासाठी एक बुडबुड्यांचा टब चालू ठेवला होता. त्याच्या तुषारांमधून लिजिओनेलाची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसं आजारी पडली, वीसहून अधिक दगावली. पाण्यात न उतरताही माणसं मेली, हे प्रत्येक जकूझीवाल्याने भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने घालून दिलेली किमान पातळी अशी: तलावात ब्रोमिन 3 पीपीएम, गरम टबमध्ये 4 पीपीएम, पीएच 7 ते 7.8. एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. लाख लिटरच्या तलावात एका पीपीएमसाठी शंभर ग्रॅम ब्रोमिन पुरतं. आकडा किरकोळ वाटतो, पण तो धरून ठेवणं किरकोळ नाही.

हे काम करणारं यंत्र म्हणजे ब्रोमिनेटर. जाड प्लॅस्टिकचा झाकणबंद डबा, त्यात गोळ्या भरलेल्या, फिल्टर आणि हीटरच्या पुढे बसवलेला. पंपाच्या पाण्यातली एक बारीक धार त्यातून फिरते. व्हॉल्व्ह थोडा उघडला की जास्त पाणी गोळ्यांवरून जातं आणि पातळी चढते; आवळला की उतरते. यापलीकडे त्यात काही नाही. पण झाकण उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करावे लागतात आणि तोंड बाजूला ठेवावं लागतं, कारण आत कोंडलेली वाफ एकदम अंगावर येते. क्लोरिनच्या गोळ्या किंवा ब्लीचिंग पावडर वापरलेल्या डब्यात या गोळ्या कधीही भरू नयेत. एकात दुसरं मिसळलं तर आग लागते, स्फोटही होतो. रिकामी दिसणारी बादलीसुद्धा दोन्हींना सामाईक नको.

डब्याचा व्हॉल्व्ह किती फिरवायचा, ते ठरतं परीक्षानळीवर. जाणता ऑपरेटर पाण्याचा नमुना वरवरचा घेत नाही, कोपरापर्यंत हात बुडवून घेतो, आणि जिथून औषधाचं पाणी येतं त्या तोंडापासून लांब. दहा मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी, त्यात डीपीडी या चाचणीच्या रसायनाची गोळी चुरडायची. पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं ब्रोमिन जास्त. आपल्याकडे किट बहुधा क्लोरिनचं असतं, तेव्हा आलेल्या आकड्याला 2.25 ने गुणायचं: क्लोरिनच्या पट्टीवर 2 म्हणजे ब्रोमिन साडेचार. या चाचणीत एक फसवी जागा आहे. पातळी फारच चढलेली असेल, तर गुलाबी रंग क्षणभर उमटून उडून जातो आणि नळी रंगहीन दिसते. नवखा माणूस शून्य लिहितो आणि आणखी गोळ्या टाकतो. अनुभवी माणूस एक भाग नमुन्यात चार भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा चाचणी घेतो आणि येणारा आकडा पाचाने गुणतो. नळीत रंग उमटतोय का, हे गोळी टाकताक्षणी पाहणारा डोळाच तिथे कामाला येतो.

बीसीडीएमएचने पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं, म्हणून अल्कलिनिटी पाहून अधूनमधून सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा द्यावा लागतो. गोळीतलं ब्रोमिन संपतं, पण डायमिथाइलहायडँटोइन पाण्यात साचत जातं, ते कुठल्याही फिल्टरने जात नाही. ठरावीक काळाने काही पाणी काढून नवं भरणं हाच उपाय. ब्रिटनमध्ये ब्रोमिनच्या तलावांत पोहणाऱ्यांना अंगाला खाज सुटण्याच्या तक्रारी 1980 च्या दशकात पुढे आल्या होत्या, तेव्हा हे पाणी बदलणं कंजूषपणाने टाळण्यासारखं नाही. ओझोनचं यंत्र जोडलेलं असेल, तर ब्रोमाइडपासून ब्रोमेट हे घातक संयुग होण्याचाही धोका असतो.

उघड्या तलावांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सूर्यप्रकाशात ब्रोमिन काही तासांत बरंचसं उडून जातं, आणि क्लोरिनला उन्हापासून सांभाळणारं सायन्यूरिक आम्ल ब्रोमिनला सांभाळू शकत नाही. त्यामुळे पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमधल्या उघड्या तलावांना, महापालिकांच्या तलावांना क्लोरिनच ठीक. विक्रेता वास नाही, त्रास नाही असं सांगून ब्रोमिन गळ्यात मारू लागला, तर उन्हात ते टिकणार नाही हे कमिटीने त्याला तिथेच सुनवावं. महागडं औषध उन्हात उधळण्यात काही शहाणपण नाही.

छताखालच्या गरम तलावासाठी मात्र ब्रोमिन मागावं, आणि त्याच बैठकीत चांगलं टेस्ट किट, दिवसातून निदान दोनदा भरली जाणारी नोंदवही आणि ती भरणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण यांचेही पैसे मंजूर करावेत. पोहणाऱ्यांनी आधी साबणाने आंघोळ करावी, कारण त्यांच्या अंगावरचा घाम आणि तेल ब्रोमिन खाऊन टाकतं. आणि हॉटेलच्या जकूझीत पाय टाकण्याआधी आजच्या ब्रोमिनचा आणि पीएचचा आकडा विचारावा. सांगता आला नाही, तर त्या दिवशी आत उतरू नये.