बोटीचा जन्मदाखला

माणसाला आपले जन्मस्थान बदलता येत नाही. पण त्यावाचून त्याचे फारसे अडतही नाही. नागपूरला जन्मलेला मुलगा मुंबईत नोकरी करतो, निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेतो आणि जन्मदाखला निघतो तो एखाद्या अर्जापुरता. बोटीचे नशीब असे नसते. तिचा मालक बदलतो, नाव बदलते, झेंडाही बदलतो; पण ती कुठल्या गोदीत बांधली, हा प्रश्न काही तिचा पिच्छा सोडत नाही.

याचे चांगले उदाहरण अमेरिकेत सापडते. यॉट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अब्जाधीश उभे राहतात. पण तीस-पस्तीस फुटी, शिडाची, हप्त्याने घेतलेली नौकाही त्याच जमातीत मोडते. अशी नौका तैवानहून किंवा फ्रान्सहून अमेरिकेत आणली, तर जकातीचा मूळ दर वर्षानुवर्षे जेमतेम दीड टक्का होता. २०२५ मध्ये त्यावर देशागणिक वाढीव शुल्कांची भर पडली, हा भाग वेगळा. पण दीड टक्काही वाचवावासा वाटणारे असतातच. दहा लाख डॉलर्सच्या नौकेवर दीड टक्का म्हणजे पंधरा हजार डॉलर्स!

त्यामुळे अनेक मोठ्या नौका केमन बेटांसारख्या ठिकाणी नोंदवल्या जातात. परक्या झेंड्याची आणि परदेशस्थ मालकाची नौका ठरावीक परवान्यावर अमेरिकेच्या किनाऱ्याने हिंडू शकते. पण तिथे ती विकायला काढली, की जकात लागू होते. म्हणून दलालांच्या जाहिरातींत एक मजेदार वाक्य असते : ‘अमेरिकी जलक्षेत्रात असताना अमेरिकी रहिवाशांना विक्रीसाठी नाही.’ म्हणजे डोळ्यांसमोर उभी असलेली वस्तू विकायची आहेही आणि नाहीही. नौकांच्या प्रदर्शनांची यात पंचाईत होत असे. १९९९ मध्ये कायद्याने तोड काढली. ७९ फुटांहून लांब नौका प्रदर्शनात विकायला आणायची असेल, तर जकातीच्या दुप्पट रकमेचा बाँड द्यायचा आणि जकात विक्रीनंतर भरायची. मुदत सहा महिने. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही तजवीज समजते. तारण ठेवा, मग बोला!

जकात भरून मोकळे झाले तरी जन्मदाखला सुटत नाही. समजा, फ्लोरिडातल्या एका जोडप्याने साठवलेले पैसे घालून फ्रान्समध्ये बांधलेली नौका घेतली. ती नोंदणीच्या मापाने पाच टनांची असली (हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचे), तर तटरक्षक दलाकडे तिची नोंद होते. पण केवळ विहारासाठी. पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांना सूर्यास्ताची फेरी घडवायची म्हटली, की दार बंद. किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक देशी जहाजांसाठी राखण्याचा कायदा १८८६चा आहे आणि तो अशा चिमुकल्या नौकेलाही पकडतो. नौका हौस भागवू शकते, पोट भरू शकत नाही.

या कठोरपणात १९९८ मध्ये एक झरोका ठेवला गेला. किमान तीन वर्षे जुनी आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी नौका असेल, तर मालकाला सूट मागता येते. तेव्हा सागरी प्रशासन लोकांचे म्हणणे मागवते आणि पाहते, की या सुटीने देशातल्या नौका बांधणाऱ्यांचे किंवा असाच व्यवसाय करणाऱ्यांचे नुकसान होईल काय. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण नियमामागचा खरा माणूस त्यात दिसतो.

हा प्रश्न न विचारता केलेल्या कराचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. १९९१ पासून एक लाख डॉलर्सच्या वरच्या किमतीवर दहा टक्के चैन-कर नौकांना लागू झाला. श्रीमंतांकडून चार पैसे काढावेत, हा हेतू. श्रीमंतांनी काय केले? नवी नौका घेणेच लांबणीवर टाकले किंवा जुनीच विकत घेतली. मंदी होतीच, त्यात हा कर. झळ बसली ती गोदीतल्या सुतारांना, रंगाऱ्यांना आणि शिडे शिवणाऱ्यांना. १९९३ मध्ये नौकांवरचा हा कर रद्द झाला.

हे दूरचे वाटेल, पण तसे ते नाही. परदेशी नौकेवर आपल्याकडे सीमाशुल्क आहे आणि वर जीएसटी. विहाराच्या व क्रीडेच्या नौकांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. सीमाशुल्क जन्मदाखला बघते. जीएसटी बघत नाही. तो इथे बांधलेल्या नौकेवरही तितकाच. आणि नौका बांधणारे आपल्याकडे आहेत! गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. याच गोदीतल्या ‘तारिणी’वरून नौदलातल्या सहा तरुणींनी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी घातली.

त्या नौका नौदलाच्या होत्या. पण गोदी केवळ नौदलावर किती दिवस चालणार? तिला हौशी गिऱ्हाईकही हवे. परदेशी नौकेवर शुल्क घ्यावे, त्याविषयी तक्रार नाही. श्रीमंतांवर कर बसवावा, त्याविषयी तर मुळीच नाही. मात्र कर बसवताना मालकाची तिजोरी मोजतो, तसे त्या नौकेवर रंधा फिरवणारे हातही मोजले पाहिजेत. श्रीमंताला एका वर्षी नौका घेतली नाही म्हणून उपाशी झोपावे लागत नाही. सुताराची गोष्ट वेगळी आहे.